तिरक्या वाऱ्याला दहास सात

मी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही, आणि तरीही डिचोलीत गोल्फच्या स्पर्धेत पहिला आलो होतो. हे माझ्या बायकोला ठाऊक आहे. घरी पाहुणे आले की ती हसत हसत सांगते. जे तिला ठाऊक नाही, दादाला ठाऊक नाही आणि आईला शेवटपर्यंत कळलं नाही, ते असं की त्या दिवसानंतर मी घरी स्पर्धेचा एक नियम सांगितला, आणि तसा नियमच नव्हता. तो मी परतीच्या बसमध्ये, डिचोलीचं स्टँड ते आमचा फाटा एवढ्या अंतरात तयार केला. हे आजवर कुणाला बोललो नाही. बोलायची सवयच कमी, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात; त्यांना वाटतं तो स्वभाव आहे.

आमचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. सकाळी पहिला ट्रक गेला की फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. त्या आवाजाने आईची झोप मोडायची नाही, ट्रक बंद असले की मात्र ती दचकून उठायची आणि विचारायची, "आज कोण मेलां?" त्यामागून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजायचा, मग गरम उंडे पाव, रात्रीच्या चवळीच्या रश्शात बुडवून खायचे, वर चहा. पावसाळा संपून ट्रक सुरू झाले की सगळ्यावर लाल धूळ बसायची: तुळशीवर, जनेलाच्या गजांवर, दोरीवरच्या माझ्या शाळेच्या सदऱ्यावर. आई कपडे वाळत घालण्याआधी अंगणात उभी राहून वारा कुठला ते बघायची आणि हाताने दाखवायची, "आज हंयचो." म्हणजे वारा ज्या बाजूने येतो आहे, त्या बाजूला बोट. आमच्याकडे सगळे असंच दाखवतात. ही साधी गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण हिच्यापायी आम्ही पुढे चार दिवस सपशेल मूर्ख ठरलो.

बाबा लवकर गेले होते. दादा खाणीच्या ऑफिसात कामाला होता. तिथे नवे कॉम्प्युटर आले तेव्हा एक जुना तो घरी घेऊन आला. आईने त्याच्यावर भरतकामाचा पडदा घातला आणि पहिल्या दिवशी हळद-कुंकू लावलं. चालू व्हायला तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात आई एक नारळ खवून मोकळी व्हायची, आणि आवाज असा करायचा जसा भरलेला ट्रक चढावावर दुसऱ्या गिअरमध्ये. त्यात काय काय होतं ते आम्हाला कधी नीट कळलं नाही, पण एक खेळ होता. हिरवंगार गवत, मध्ये तळी, लांब एक झेंडा, आणि पाठमोरा एक गोरा माणूस चौकटीच्या स्वेटरात. आम्ही कुणी गोल्फ पाहिलेलाच नव्हता. आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "येवढा तण वाढलाहा आणि एक म्हस नाय?" खेळात पाखरं ओरडायची. पहिले दोन दिवस ती उठून अंगणातल्या वाळवणावर बघायला जायची.

वैनी त्याच वर्षी आमच्या घरात आली होती. दादाची बायको, माहेर पेडण्याकडचं, भातशेतीचं घर. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी, बारावी झालेली. मी अकरावीत होतो, ओठांवर मिशी येते आहे की नाही ते आरशात बघण्याच्या वयात, आणि ती मला सगळ्यांसमोर खोट्या आदराने "भावजीनु" म्हणायची. "भावजीनु, आंघोळ झाली काय? का पाणी तुमच्या वांगडा बोलाक होया?" घरात हसण्याचा आवाज तिने आणला. आईला सून आवडली होती, फक्त तसं तोंडावर बोलायची पद्धत आमच्यात नव्हती. आवडल्याची खूण म्हणजे माशाचा मधला तुकडा तिच्या ताटात पडायचा.

दुपारची जेवणं झाली की आई बल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आडवी व्हायची आणि मी आणि वैनी कॉम्प्युटरसमोर बसायचो. कळफलकावरची लांब पट्टी एकदा दाबली की एक रेघ चढू लागायची, दुसऱ्यांदा दाबली की जोर ठरायचा, तिसऱ्यांदा दाबली की चेंडू सुटायचा. आधी बाणाच्या बटणांनी नेम डावी-उजवीकडे सरकवायचा. एकदा दाबलं की थोडासा सरके, त्याला आम्ही एक टिचकी म्हणायचो. काठ्यांची इंग्रजी नावं आम्हाला लक्षात राहीनात, तेव्हा वैनीने बारसं केलं. सर्वांत लांब मारणारी ती मुसळ, मधल्या सगळ्या डवल्या, चेंडू नुसता वर उडवणारं ते उलथणं, आणि झेंड्यापाशी हळूच ढकलायची ती पळी. आणि वरच्या कोपऱ्यात वारा: एक बाण आणि एक आकडा.

त्या बाणाने आमची पार दैना केली. बाण उजवीकडे असला की आम्ही समजायचो वारा उजवीकडून येतो आहे, आणि नेमही आणखी उजवीकडे धरायचो. चेंडू जायचा तो थेट पाण्यात. बाण झेंड्याकडे असला की समोरून वारा आहे म्हणून जिवाच्या आकांताने मुसळ हाणायचो. चेंडू झेंड्यावरून, झाडांवरून, पलीकडच्या समुद्रात. आई झोपेतून विचारायची, "कितके चेंडू टाकलात रे दर्यात? माशांनी तरी काय खावचा?" संध्याकाळी दादा यायचा आणि आमच्याहून वाईट खेळायचा, कारण त्याचा आत्मविश्वास जास्त.

पाचव्या दिवशी वैनी खेळता खेळता थांबली. पडद्यावर लांबचा तो बारीक झेंडा फडफडत होता. तिने नाक पडद्याला लावलं आणि म्हणाली, "झेंडो बघ. बाण जंय, झेंडो थंय." मला कळलं नाही. "अरे, ह्यो बाण म्हणजे आपला बोट नाय. ह्यो फोल. वारो खंयसून येता ता नाय सांगणा, खंय जाता ता सांगता."

फोल म्हणजे भाताचा पोकळ कोंडा. वैनीच्या माहेरी भात वारवायचं काम तिचं. उंचावर उभं राहून सूप हलवत भात खाली सोडायचं, दाणा पायथ्याशी पडतो, फोल वाऱ्याने पुढे उडून जातो. सूप धरायच्या आधी ताडपत्री कुठे घालायची ते ती ठरवायची, कारण वाऱ्याचा अंदाज चुकला तर दाणा मातीत आणि कोंडा ताडपत्रीवर. त्या दुपारी ती खेळ सोडून माझ्याकडे वळली आणि हातात सूप असल्यासारखी उभी राहिली. "सूप जेवढा उंच, तेवढो वारो जास्त खाता. ह्या उलथण्यान चेंडू किती वर जाता बघ. मुसळान जाता लांब, पण जाता सरपटत. तेका वारो कमी लागतलो." आम्ही मारून बघितलं. खरं होतं. वारा दहा असेल तर मुसळाला चार टिचक्या पुरत, उलथण्याला सात लागत.

मग तिला नादच लागला. संपलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून तिने तक्ता मांडला. एकाच जागेवरून, एकाच काठीने, वारा बदलेल तसतसं मारत राहायची. मी बटणं दाबायचो, ती गोल अक्षरात लिहायची. समोरचा वारा जेवढं मागे ओढतो तेवढं पाठीवरचा पुढे ढकलत नाही, हेही तिने शोधलं. "घेता भरपूर, देता कमी," ती म्हणाली, "सासूसारखो."

"काय म्हटलंस गो?" बल्कावातून आवाज आला.

"काय नाय आई, वाऱ्याचा बोलतंय!"

"वाऱ्याक सांग, आज वारो मधलो तुकडो देवचो नाय."

सर्वांत त्रास दिला तो तिरक्या वाऱ्याने. अर्धा समोरून, अर्धा बाजूने. वैनीने आधी दहाचे पाच-पाच केले. चेंडू दरवेळी कमी पडायचा. मग सहा. मग आठ, ते जास्त झाले. तीन दुपारी गेल्या. शेवटी तिने लिहिलं, तिरका: दहास सात, इकडेही सात, तिकडेही सात. "दहाचे चवदा कशे झाले ता माका विचारू नको," ती म्हणाली. "पण होतत." खाली दोन रेघा ओढल्या आणि भांडी घासायला गेली. आज मी मुरगावला बंदराजवळच्या एका ऑफिसात बसतो. रोज सकाळी माझ्या पडद्यावर बाण आणि आकडा येतो, वारा किती आणि कुठला, त्यावर दिवसाचं काम ठरतं. तिरका बाण दिसला की मनात अजून तेच उमटतं, दहास सात.

दिवाळीच्या आधी डिचोलीच्या बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासने स्पर्धा लावली. त्यांच्याकडेही हाच खेळ होता. नऊ होल, म्हणजे झेंड्याखालचे नऊ खड्डे, सर्वांत कमी फटके, आणि पहिल्या येणाऱ्याला सहा महिन्यांचा कोर्स फुकट. जाहिरातीचा कागद मीच शाळेतून येताना आणला. वैनीने तो दोनदा वाचला आणि घडी घालून मेजावर ठेवला. कॉम्प्युटर शिकायचं तिच्या मनात लग्नाआधीपासून होतं; दादाला तिने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तो "बघू" म्हणाला होता. त्या रात्री बांगड्याची किसमूर होती. जेवता जेवता ती म्हणाली, "जिंकलंय तर जाव?" दादा हसला. "जिंकलंस तर जा." आईने भाताची मूद मोडली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. "सकाळची पेज करून जातलंस तर जा," आई म्हणाली. "दोन वाजेपर्यंत घरा येवक होया." एवढं कबूल झालं. वैनीने मला टेबलाखालून चिमटा काढला तो इतका जोरात की माझा घास घशात अडकला.

स्पर्धा रविवारी. शनिवारी दुपारी तिच्या माहेरून निरोप आला: भात झोडून खळ्यात पडलं आहे, आईला ताप आहे, वारवायला कुणी नाही आणि ढग येत आहेत. वैनीने पिशवी भरली, कॅलेंडरचं पान माझ्या हातात दिलं. "तू खेळ. बक्षीस माझ्या नावान घे. ताडपत्री आधी, सूप मागसून, इसरू नको." आणि म्हापशाची बस पकडून गेली, तिथून पुढे पेडण्याची.

क्लास वरच्या मजल्यावर, एसी लावलेला. मी तोवर एसीत कधी बसलो नव्हतो. बारा मुलगे. म्हापशाहून आलेला एक पायात बूट घालून आला होता आणि त्याच्या घरी म्हणे हाच खेळ दोन वर्षं होता. माझा कागद बघून तो म्हणाला, "कितें रे, मुसळ? हांगा पोहे कांडूंक आयला?" सगळे हसले. मीही हसलो. पण वैनीचं पान खोटं बोलत नव्हतं. सातव्या होलपर्यंत हसणं थांबलं होतं, आठव्याला आमचे फटके सारखे झाले. नवव्याला झेंडा एका बेटावर, चहूकडे पाणी, वारा चौदा, समोरून तिरका. बुटांच्या मुलाने नेम सरळ झेंड्यावर धरला आणि चेंडू पाण्यात. माझी पाळी. चौदाला दहास सात, म्हणजे जवळजवळ दहा. दहाला उलथणं, सात टिचक्या. समोरूनही दहा, म्हणजे जोर आणखी. मी सात वेळा बटण दाबलं तेव्हा नेम बेट सोडून पार पाण्यावर गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "पिसो जालो हो." मी पट्टी दाबली. चेंडू उंच गेला, पाण्याच्या दिशेने गेला, आणि वर, अगदी वर पोचल्यावर, फोल वळतो तसा सावकाश वळून झेंड्याजवळ पडला. पळीने एकदा ढकलला. मग खोलीत जो आरडाओरडा झाला तो मी पुन्हा कधी माझ्यासाठी ऐकला नाही. बुटांच्या मुलाने स्वतः हात पुढे केला.

क्लासचे सर पुढे आले, कागद उचलून वाचू लागले. मध्येच थांबले. "तिरक्याला दहास सात? हा तक्ता कोणी केला रे?"

"मी, सर."

ते इतकं सहज बाहेर आलं की मलाच ऐकू आलं नाही.

"त्रिकोणमिती झाली तुमची?"

"हो, सर." गणिताच्या चाचणीचा माझा पेपर त्या वेळी घरी गादीखाली लपवलेला होता.

सरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असं डोकं हवं. मग टेबलाशी बसून त्यांनी वही उघडली. "सीट कोणाच्या नावावर करू? तुझी शाळा असेल तर घरातलं दुसरं कोणी पाठव. भाऊ, बहीण, कोणीही चालेल." आणि पेन टेकवून थांबले. तेवढ्यात मी विचार केला, हे लिहिताना मला लाज वाटते, पण विचार केला. वैनीचं नाव सांगितलं तर ती इथे येईल, सर तिला तक्त्याबद्दल सांगतील आणि ती हसून म्हणेल, तो माझा. खांद्यावरचा हात अजून ऊबदार वाटत होता.

"माझ्याच नावावर, सर," मी म्हणालो.

सोमवारी दुपारी वैनी आली. वेणीत कोंडा, खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. दारातूनच ओरडली, "काय झाला?" "जिंकलो." तिने गाठोडं तिथेच टाकलं आणि आईचे दोन्ही हात धरून तिला गरगर फिरवलं, आई "सोड गो, पडतलंय" म्हणत हसत होती. मग वैनी माझ्याकडे वळली. "क्लास कधीपासून?" आणि मी बसमध्ये तयार केलेला नियम सांगितला. जो खेळतो त्यालाच सीट, नाव बदलून देत नाहीत. वर हेही सांगितलं की सरांना मी खूप विनवलं. हे शेवटचं कुणी विचारलंही नव्हतं.

ती खाली बसून गाठोड्याची गाठ सोडू लागली. गाठ सुटायला जरा वेळ लागला. "मीच येवक होया होता," ती म्हणाली. तेवढंच. मग मान वर केली तेव्हा चेहरा नेहमीचा. "भावजीनु, मगे तुम्ही शिका, आणि माका शिकवा. गुरुदक्षिणा म्हणान तुमचे सदरे धुतंय." त्या रात्री तिने नव्या तांदळाची खीर केली, गूळ आणि नारळाचा रस घालून. मी दोन वाट्या खाल्ल्या. चांगली झाली होती.

शिकवायला बसलो तो जेमतेम पंधरा दिवस. मी क्लासमधून नवे शब्द घेऊन यायचो आणि तिने ते पहिल्यांदाच ओळखावेत अशी माझी अपेक्षा असायची. एक गोष्ट ती दुसऱ्यांदा विचारायची आणि मी उसासा टाकायचो. एक दिवस म्हणालो, "वैनी, इतकं सोपं तुला कळत नाही?" ती उठली. "माझा डोक्या ह्या कामाचा नाय रे," म्हणाली, हसतच, आणि विळीवर नारळ खवायला बसली. मी तिला थांबवलं नाही. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं झालं. खेळात मात्र ती मला हरवत राहिली, दादाला तर डोळे मिटून. पुढच्या पावसात वीज कडाडली आणि कॉम्प्युटर जळला तोवर. आईने त्याच्यावरचा पडदा धुऊन फ्रीजवर घातला.

वैनी सुखात आहे. हे मी स्वतःचं समाधान करायला लिहीत नाही. तिला विचाराल तर तीही हेच सांगेल, आणि वर दोन टोमणे मारेल. दादा निवृत्त झाला आहे, मुलगी कॉलेजात. गेल्या गणेशचवथीला सगळे घरी होतो. पुतणीला मोबाइलवर कसलासा अर्ज भरायचा होता, तिने तो वैनीपुढे धरला. वैनीने हात मागे घेतला. "तुझ्या काकाक विचार. ह्या घरात तेचाच डोक्या. एकटो जावन स्पर्धा जिंकान इल्लो, ठावक आसा मा?" सगळे हसले, माझी बायको सर्वांत जास्त. पुतणीने कौतुकाने माझ्याकडे बघितलं. मी अर्ज भरून दिला. चहा मागितला.

वैनीचं मी दोन गोष्टींचं देणं लागतो. डिचोलीच्या त्या क्लासमधली सहा महिन्यांची एक खुर्ची; ती आता परत करता येणार नाही. आणि हे सांगणं, की सरांनी विचारलं होतं, कोणीही चालेल म्हणाले होते, आणि ज्या डोक्याचं कौतुक झालं ते तुझं होतं. हे दुसरं मला अजून देता येण्यासारखं आहे. मी ते दिलेलं नाही.